एकाच स्वस्त फाउंटन पेनाबद्दल इतकी उलटसुलट मतं का असतात, आणि त्यातून आपलं पेन कसं निवडावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्हाला रोज सहा-सात पानं हाताने लिहावी लागतात. बॉलपेनने अंगठा दुखू लागलाय, म्हणून एखादं परवडणारं फाउंटन पेन घ्यायचं मनात आहे. पण ज्या पेनाची चौकशी करावी, त्याबद्दल एक जण म्हणतो "दोन वर्षं रोज वापरतोय, एकदाही त्रास नाही" आणि दुसरा म्हणतो "पहिल्याच आठवड्यात कंटाळून ठेवून दिलं". पेन तेच, मॉडेल तेच. मग विश्वास कोणावर ठेवायचा, घेताना बघायचं काय, आणि एकच घ्यायचं की दोन?

दोघंही खरं सांगतायत. मी गेली वीसेक वर्षं माझं सगळं लिखाण शाईच्या पेनाने करतो, आणि जवळपास तितकीच वर्षं इतरांची अडलेली पेनं उघडून, धुऊन, निब जुळवून परत देतो. त्यांत महागडी पेनं थोडी असतात, रोजच्या वापरातली साधी जास्त. इतक्या लोकांच्या तक्रारी ऐकल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: निब सुधारता येते, टोपण सुधारता येत नाही. लोक मात्र जे काही लिहितात ते निबेबद्दल लिहितात. त्यामुळे मतं वाचणारा गोंधळतो, कारण ज्या गोष्टीवर सगळी चर्चा चालते ती एका नगापासून दुसऱ्या नगापर्यंत बदलणारी असते, आणि जी गोष्ट त्या मॉडेलमध्ये कायम तशीच राहणार, तिचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकलेला असतो.

निबेपासूनच सुरुवात करतो. परवडणाऱ्या पेनाची निब स्टीलची असते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. सोन्याच्या निबेची प्रथा पडली त्यामागे एक कारण असं होतं की जुन्या शाया आम्लधर्मी असत आणि साधं लोखंड-पोलाद खाऊन टाकत. आजच्या स्टेनलेस स्टीलला ती भीती जवळजवळ उरलेली नाही. शिवाय कागदाला टेकतं ते सोनंही नाही आणि स्टीलही नाही. निबेच्या टोकावर कठीण मिश्रधातूचा एक बारीकसा दाणा जोडलेला असतो. लोक सवयीने त्याला इरिडियम म्हणतात, काही निबांवर तसं कोरलेलंही असतं, पण आजकाल त्या दाण्यात इरिडियम बहुधा नसतं. दाणा जोडल्यावर त्याच्या मधोमध चीर पाडतात, मग घासून पॉलिश करतात. महाग पेनात हे शेवटचं काम माणूस भिंगातून बघून करतो आणि निब लिहून तपासतो. स्वस्त पेनात तेवढा वेळ प्रत्येक नगाला मिळत नाही. चिरेच्या दोन बाजूंची पाती केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतराने खालीवर झाली तरी हाताला खरखर लागते. म्हणून एकाच मॉडेलचे दोन नग दोन स्वभावाचे निघतात. "कागद खरवडतं" आणि "कागदावरून नुसतं घसरतं" ही दोन्ही वाक्यं एकाच पेनाबद्दल खरी असू शकतात.

पण ही तक्रार बहुतेक वेळा दहा मिनिटांत मिटते. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून निबेचं टोक समोरून बघा. एक पातं वर, एक खाली दिसलं तर वरच्या पात्याला नखाने अगदी हलका दाब देऊन खाली आणा, सोडा, पुन्हा बघा. दोनतीनदा करावं लागतं. चीर फार आवळलेली असेल आणि शाई कमी येत असेल, तर पितळेचा पातळ पत्रा, साधारण 0.05 मिलिमीटर जाडीचा, चिरेतून दोनचार वेळा फिरवला की शाई मोकळी होते. घासण्याचा कागद मात्र सगळ्यात शेवटी, आणि जमलं तर नकोच. दाणा एकदा झिजला की तो परत येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निबांतल्या खरोखर वाया गेलेल्या निबा बहुतेक कारखान्यात बिघडलेल्या नसतात, घरी घासून बिघडलेल्या असतात.

एक दोष मात्र भिंगातून चटकन दिसत नाही. टोकाला वाजवीपेक्षा जास्त पॉलिश झालं की चिरेच्या दोन्ही कडा आतल्या बाजूने गोल होतात. मग शाई चिरेत उभी असते, पण कागदाला टेकत नाही. असं पेन हाताला फार गुळगुळीत लागतं, पण शब्दाची पहिली रेघ उमटतच नाही. थोडं दाबलं की चालू होतं. "पेन सुंदर लिहितं, पण दर वेळी सुरुवातीला अडतं" असं कोणी म्हटलं की मला आधी हाच संशय येतो. हा दोष घरी काढण्याच्या भरीस पडू नका, नग बदलून मागा.

आता टोपण. माझ्याकडे एकाच मॉडेलची दोन पेनं होती, शाई एकच, कागद एकच. एक तीन दिवस पडून राहिलं तरी उचलताक्षणी लिहायचं, दुसरं रात्री बंद केलं की सकाळी अडायचं. मी निबांची अदलाबदल केली, फरक नाही. धुऊन पाहिलं, शाई बदलून पाहिली, तरी तेच. शेवटी टोपणांची अदलाबदल केली आणि खोड टोपणाबरोबर दुसऱ्या पेनात गेली. भिंगाखाली धरल्यावर टोपणाच्या काठाला केसासारखी चीर दिसली. तोवर मी महिनाभर निबेला दोष देत होतो.

असं का होतं, ते पेन चालतं कसं हे कळलं की उलगडतं. निबेखाली जो काळा खाचाखाचांचा भाग असतो, ज्याला आपण जीभ म्हणतो, ती पेनातली सगळ्यात हुशार गोष्ट आहे. तिच्या बारीक पन्हळीतून शाई केशाकर्षणाने निबेपर्यंत उतरते, आणि जेवढी शाई उतरली तेवढी हवा आत जाते. हवा आत गेली नाही तर शाई थांबते, वाजवीपेक्षा जास्त गेली तर डाग पडतो. अमेरिकेतल्या लुईस वॉटरमन यांनी 1884 मध्ये पेटंट घेतलं ते या देवघेवीला शिस्त लावणाऱ्या रचनेचंच. जिभेच्या कडेच्या आडव्या खाचा उष्णतेने किंवा धक्क्याने पुढे आलेली जादा शाई धरून ठेवतात. पण जीभ आणि चीर सतत ओली राहिली तरच हे सगळं चालतं. शाईत बरंचसं पाणीच असतं. टोपणातून हवा ये-जा करत असेल तर ते पाणी उडून जातं, मागे दाट शाई उरते, आणि सकाळच्या पहिल्या दोन ओळी एक तर उमटत नाहीत किंवा नेहमीपेक्षा गडद येतात. पहिल्या ओळी गडद येणं ही टोपण गळकं असल्याची माझ्या अनुभवातली सगळ्यात भरवशाची खूण.

म्हणून कुठल्याही पेनाबद्दलची मतं वाचताना "गुळगुळीत", "खरखरीत" हे शब्द सोडून द्या आणि "चार दिवसांनी उघडलं तर" अशा वाक्यांवर थांबा. ते वाक्य लिहिणाऱ्याने त्या मॉडेलबद्दलची खरी माहिती दिलेली असते. स्वस्त पेनांतही हे काम नीट केलेली पेनं आहेत. प्लॅटिनम या जपानी कंपनीचं प्रेपी हे त्यांच्या अगदी साध्या पेनांपैकी एक. त्याच्या टोपणात स्प्रिंगवर बसवलेलं आतलं टोपण असतं, ते निबेभोवती घट्ट बसतं. असं पेन मी कित्येक आठवडे विसरून ठेवलंय आणि उचलल्यावर ते लगेच लिहायला लागलंय. उलट दिसायला त्याच्यापेक्षा कितीतरी देखणी, धातूच्या अंगाची पेनं शनिवार-रविवार गेला की सोमवारी झटकावी लागतात.

दुकानात टोपण तपासायची एक युक्ती लोक सांगतात: टोपणात फुंकर मारा, हवा निसटली तर टोपण वाईट. तिच्यावर फार विसंबू नका. पुष्कळ टोपणांना मुद्दाम भोक ठेवलेलं असतं, म्हणजे लहान मुलाच्या घशात अडकलं तरी श्वास चालू राहील. त्या टोपणांच्या आत दुसरं टोपण असेल तर बाहेरच्या भोकाने शाई वाळत नाही, पण तुमच्या फुंकरीला ते भोक लागतंच. खरी परीक्षा एकच. पेन भरा, एक पान लिहा, टोपण लावा, आडवं ठेवून तीन दिवस हात लावू नका, आणि मग न झटकता लिहून बघा. हे घरीच करता येतं, त्यामुळे परत घेणाऱ्याकडूनच पेन घ्या.

टोपणानंतर पकड, म्हणजे पेनाचा बोटांत धरायचा भाग. तीही बदलता येत नाही, आणि रोज सहा-सात पानं लिहिणाऱ्यासाठी तिचं महत्त्व टोपणाइतकंच आहे. लामी या जर्मन कंपनीचं सफारी पेन 1980 पासून बाजारात आहे. डिझायनर वोल्फगांग फाबियान यांनी ते तरुण विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून आखलं, आणि बोटं ठरावीक जागी बसावीत म्हणून त्याच्या पकडीला दोन सपाट बाजू दिल्या. ज्यांची बोटं मुळातच तशी बसतात त्यांना ते पेन हाताचाच भाग वाटतं. ज्यांची वेगळी बसतात त्यांना एका पानानंतर कड टोचू लागते. दोघांच्या मतांची सरासरी काढून तुमच्या हाताबद्दल काही कळणार नाही. पायलटचं काकुनो मुलांसाठी काढलेलं, पण त्याची पकड सौम्य आहे म्हणून मोठी माणसंही ते आवडीने वापरतात. काही पेनांत पकड जिथे संपते तिथे दांडीची पायरी असते, काहींत टोपणाचे आटे नेमके बोटाखाली येतात. तुमचं बोट कुठे टेकतं हे आताच्या बॉलपेनावर बघून ठेवा. टोकापासून ते अंतर मोजा आणि पेनाच्या फोटोवर ती जागा शोधा. तिथे पायरी किंवा आटे असतील तर ते पेन कितीही चांगलं असो, तुमचं नव्हे.

गुळगुळीत धातूची पकड थंडीत छान लागते, घामट हातातून मात्र सुटते. सुटू नये म्हणून आपण ती घट्ट धरतो, आणि अंगठा पुन्हा दुखतो. वजनाचंही तसंच. 15 ते 20 ग्रॅमचं प्लास्टिकचं पेन हातात घेतल्यावर "खेळण्यासारखं" वाटतं, अशी नाराजी मी सतत ऐकतो. पण तिसऱ्या पानावर तेच हलकं पेन सुखाचं होतं. जड पेन दाखवायला बरं, दोन ओळी लिहायला बरं. जे काही घ्याल ते टोपण मागे न लावता लिहून बघा, मग लावून बघा. मागे लावलेल्या टोपणाने पेनाचा तोल किती मागे जातो हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

तुमच्या अंगठ्याबद्दल इथेच सांगतो. बॉलपेनची शाई दाट असते आणि गोळी फिरायला दाब लागतो. फाउंटन पेनला दाब लागत नाही, पेनाच्या स्वतःच्या वजनावर शाई उतरते. त्यामुळे आराम पडतो हे खरं, पण पहिल्या दिवसापासून नाही. वर्षानुवर्षं दाबायची सवय झालेला हात नवं पेनही दाबतोच, आणि वर निबेची पातीही फाकवतो. "माझं पेन महिन्याभरात बिघडलं" म्हणणाऱ्यांतले बरेच जण असे असतात. एक साधी तपासणी करा: पान लिहून झालं की उलटून मागच्या बाजूने बोट फिरवा. अक्षरांचा उठाव बोटाला लागला तर तुम्ही अजून दाबताय. हाताला उमजायला माझ्या पाहण्यात दोनतीन आठवडे जातात. पेन थोडं जास्त तिरकं धरा, निबेची वरची बाजू आकाशाकडे राहू द्या, ती डावी-उजवीकडे कलू देऊ नका. आणि पेन बदलूनही सांधा दुखतच राहिला तर ते डॉक्टरांना दाखवण्याचं काम आहे.

निबेची जाडी. आपण देवनागरी लिहितो, आणि या लिपीत लहान पोकळ्या फार. "ळ"चे दोन डोळे, "भ" आणि "म"ची गाठ, "क्ष"मधली वळणं, त्यावर मात्रा, रफार, अनुस्वार. मध्यम निबेने साध्या कागदावर बारीक अक्षर काढलं की हे डोळे भरून जातात आणि पान काळवंडल्यासारखं दिसतं. त्यामुळे बारीक किंवा अतिबारीक निब घ्या. यात एक खोच आहे: जपानी पेनांची बारीक निब युरोपीय पेनांच्या बारीक निबेपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते. त्यांची मध्यम ही यांच्या बारकीच्या आसपास येते. ज्यांनी हे न बघता घेतलं त्यांच्याकडून "सुईसारखं आहे" किंवा "जाडंभरडं आहे" असं ऐकू येतं. आणि निब जितकी बारीक तितकी ती कागदाचा पोत जास्त सांगते. ती हलकी खरखर दोष नव्हे. दोन्ही पाती सरळ असूनही चारही दिशांना सारखीच सळसळ येत असेल तर ती कागदाची. एकाच दिशेला बोचत असेल तर ती निबेची.

शिरोरेषा देणाऱ्यांसाठी आणखी एक निरीक्षण. शिरोरेषा आपण झपकन ओढतो, अक्षरापेक्षा जलद. शाई कमी उतरत असेल तर सगळ्यात आधी तुटते ती शिरोरेषाच. म्हणून नवं पेन तपासताना वेलबुट्ट्या किंवा सही काढत बसू नका. आठदहा शब्दांचं एक वाक्य नेहमीच्या वेगाने लिहा आणि शिरोरेषा सलग आली का ते बघा.

शाईने पेनाचं मत पूर्ण फिरतं. आखडलेल्या पेनात सैल वाहणारी शाई घातली की ते सुधारतं, आणि फार ओलं चालणारं पेन कोरड्या, म्हणजे कमी वाहणाऱ्या शाईने वठणीवर येतं. हे माहीत नसलेला माणूस पहिल्याच शाईवर पेनाचा निकाल लावतो. सुरुवात साध्या, धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईने करा. ती सौम्य असते, जिभेत अडकली तर पाण्याने निघते. चकाकणाऱ्या कणांच्या, रंगद्रव्याच्या आणि लोहयुक्त टिकाऊ शाया नंतर. त्यांना वेळच्या वेळी धुण्याची शिस्त लागते. चित्रकलेची लाख असलेली काळी शाई फाउंटन पेनात कधीही भरू नका. ती जिभेच्या पन्हळीत वाळली की पुन्हा विरघळत नाही. एका मुलीने असं पेन माझ्याकडे आणलं होतं, चार दिवस पाण्यात ठेवूनही काही उपयोग झाला नाही. तिने त्या पेनाबद्दल फार वाईट मत लिहिलं होतं, पेनाचा त्यात काही दोष नव्हता.

साध्या निळ्या शाईची एक नावड मी मान्य करतो: पाण्याचा थेंब पडला की अक्षर पसरतं. पत्ते, सह्या, जपून ठेवायचे कागद यांसाठी ती नको. त्या कामाला पाणी सोसणारी शाई आणि जमलं तर वेगळं पेन.

कागदावर मी फार वेळ घेत नाही. शाई फुटते, मागे उमटते, वाळत नाही, या तिन्ही तक्रारी मुख्यतः कागदाच्या असतात. जाड कागद म्हणजे चांगला कागद हा समज चुकीचा आहे. महत्त्व असतं ते कागदावर शाई शोषू न देणारी खळ किती नीट बसली आहे याला. टोमोए रिव्हर या जपानी कागदासारखा, चौरस मीटरला 52 ग्रॅम वजनाचा, जवळजवळ पारदर्शक कागद शाई फुटू देत नाही, आणि त्याच्या दीडपट वजनाचा छपाईचा कागद फुटू देतो. तुम्हाला कामासाठी जो कागद मिळतो तो बदलता येत नसेल तर बारीक निब आणि कोरडी शाई, एवढाच उपाय.

भरायच्या पद्धतीबद्दल. कार्ट्रिज, म्हणजे शाई भरूनच येणारी छोटी नळी, सोयीचं, पण तुमच्या लिखाणाला ते सतत बदलावं लागेल. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे कार्ट्रिजच्या जागी बसणाऱ्या आणि बाटलीतून शाई ओढणाऱ्या नळीत, साधारण अर्धा ते एक मिलिलिटर शाई मावते, माझ्या बारीक निबेला ती तुमच्याइतक्या लिखाणात दोनतीन दिवस पुरते. ड्रॉपरने थेट दांडीत शाई भरायची पेनं दोन-तीन मिलिलिटर किंवा जास्तही घेतात, आणि रोज भरपूर लिहिणाऱ्याला ती आवडतात. त्यांची जी कुप्रसिद्ध खोड आहे, अचानक टपकन थेंब पडण्याची, तिचं कारण सरळ आहे. शाई संपत आली की दांडीत हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती फुगते आणि उरलेली शाई पुढे ढकलते. पाऊण रिकामं व्हायच्या आत भरून घेतलं की हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलीन वापरू नका, त्याने काही रबरी भाग खराब होतात. पिशवीत पेन हिंदकळून टोपणात शाई सांडते त्यालाही लोक "गळतं" म्हणतात. निब वर करून उभं ठेवलं तर तेही थांबतं.

आणि हो, नवं पेन भरण्याआधी धुवा. कोमट पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मग स्वच्छ पाणी. कारखान्यातलं तेल जिभेत राहिलेलं असतं आणि शाई त्याच्यावरून सरकत नाही. पहिल्या दिवशी अडणाऱ्या पेनांतली कितीतरी पेनं मी फक्त धुऊन परत दिली आहेत.

आता आवडण्याबद्दल. जे लोक वर्षानुवर्षं स्वस्त पेन वापरतात त्यांना विचारलं की ते गुळगुळीतपणा फारसा सांगत नाहीत. ते सांगतात की दांडीतून शाई किती उरली ते दिसतं. टोपण बसल्याचा आवाज येतो, म्हणजे बघावं लागत नाही. सगळं सुटं करून पाच मिनिटांत धुता येतं. निब वाकली तर तेवढीच बदलता येते. आणि हरवायची धास्ती नसल्यामुळे ते कुठेही नेतात. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. महाग पेन घरी राहतं, आणि घरी राहिलेल्या पेनाची शाई वाळते. रोज चालणारं साधं पेन त्याच्यापेक्षा नेहमी बरं चालतं, कारण ते रोज चालतं.

काही नावडी कुठलंही पेन घेतलं तरी जाणार नाहीत. भरावं लागतं, महिन्या-दीड महिन्यात धुवावं लागतं, ओल्या ओळीवर हात फिरला तर पान खराब होतं, आणि कधीतरी बोटं निळी होतात. डाव्या हाताने लिहिणाऱ्यांना ओल्या शाईचा त्रास जास्त होतो, त्यांनी लवकर वाळणारी शाई आधी शोधावी. हे सगळं वाचूनच कंटाळा येत असेल तर चांगलं जेल पेन घ्या. त्यालाही बॉलपेनपेक्षा कमी दाब लागतो, आणि तुमच्या अंगठ्याचा प्रश्न तेवढ्यानेही सुटू शकेल.

एक की दोन, याचं उत्तर: आधी एक. एकच पेन, एकच निळी शाई, तुमचा नेहमीचा कागद, आणि एक महिना. मध्ये शाई बदलू नका, निबेला हात लावू नका, फक्त आधी सांगितलेली तीन दिवसांची टोपणाची परीक्षा पहिल्याच आठवड्यात करून घ्या, म्हणजे परत द्यायची मुदत हातात राहील. महिन्याने पकड सुखाची वाटली आणि टोपण पास झालं, तर दुसरं पेन त्याच मॉडेलचं घ्या. एक धुऊन वाळत असताना दुसरं हाती राहतं, बोटांना नवी सवय लावावी लागत नाही, आणि कन्व्हर्टर, निब, टोपण एकमेकांत चालतात. या दुसऱ्या पेनात पाणी सोसणारी शाई भरा आणि सह्यांना तेच वापरा. दुसऱ्याची निब पहिल्यासारखी निघाली नाही तर भिंग घेऊन आधी पाती बघा. ती सरळ असतील, तर दोन्ही निबांची अदलाबदल करून लिहा. अडणं निबेबरोबर गेलं की नाही ते तिथल्या तिथे कळेल.